तेराव्या पेन्शनचं तळं

होनोराता बेलास यांना बागेत तळं करायचं आहे, हे मला कळलं ते दोरीमुळे. एप्रिलमधल्या एका सकाळी त्यांनी कुंपणावरून विचारलं, "इग्नात्सी, दहाबारा मीटर दोरी आहे का? जाड हवी. दोन आठवड्यांनी परत करते."

मी कपडे वाळत घालायची दोरी सोडून दिली. तासाभराने पाहतो तर त्यांच्या गवतावर ती दोरी घेवड्याच्या दाण्याच्या आकारात पसरलेली, आणि बाई तिच्याभोवती सावकाश फेऱ्या मारताहेत. दुसऱ्या दिवशी तो दाणा सफरचंदाच्या झाडापासून लांब सरकला होता. तिसऱ्या दिवशी लहान झाला. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही.

"हे काय चाललंय?"

"तळं आहे."

"पाणी कुठंय त्यात?"

"आधी जागा, मग पैसे, मग पाणी. तुम्ही काय ट्राम रुळावर यायच्या आधीच घंटी वाजवत होता?"

मी वूच शहरात एकतीस वर्षं ट्राम चालवली. ओल्शिना बागसंघात माझा प्लॉट सगळ्यात शेवटचा, आणि त्याच्या अलीकडचा होनोराताबाईंचा. शहराच्या कडेला असे चौऱ्याऐंशी प्लॉट आहेत. प्रत्येकात एक लाकडी खोपटं, दोनचार फळझाडं, टोमॅटोचे वाफे आणि शेजाऱ्याशी एखादं जुनं भांडण. आम्हा दोघांत भांडण नव्हतं. त्यामुळे आमच्याबद्दल लोक जरा संशयानेच बोलत.

बाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या. चौतीस वर्षं त्यांनी कापडगिरणीच्या रंगखात्यात काढली होती. गिऱ्हाइकाने बोटभर चिंधी पाठवायची आणि बाईंनी हजार मीटर कापडावर तोच रंग आणून द्यायचा, हे त्यांचं काम. लहानपणी त्यांच्या घरामागून एक ओढा वाहायचा. वरच्या गिरणीत ज्या दिवशी जो रंग चाले, त्या रंगाचं पाणी त्यातून यायचं. पुढे ओढाही जमिनीखाली पाइपात गेला आणि गिरण्याही बंद पडल्या. बाईंनी उरलेली नोकरी नाट्यगृहात लोकांचे कोट सांभाळत पुरी केली. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "दोघांनी विचारलं होतं. एकाचा रंग उडाला, दुसऱ्याचा चढलाच नाही."

दरवर्षी एप्रिलात सरकार आम्हा म्हाताऱ्यांना तेरावी पेन्शन देतं. हातात पडतात सतराशेच्या आसपास झ्लोटी. बहुतेकांच्या घरी त्याचे दात होतात, नाहीतर नातवाची सायकल. बाईंची तेरावी आजवर खिडक्या, बॉयलर आणि खोपट्याचं छप्पर यांत गेली होती. या वर्षी मात्र काहीच मोडलेलं नव्हतं.

"म्हटलं, काही मोडायच्या आत खर्च करून टाकावेत," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता त्या दुकानात जातील आणि एखादा प्लास्टिकचा हौद उचलून आणतील. पण मी बाईंना पुरता ओळखत नव्हतो. त्यांनी चौकटीच्या कागदाची वही काढली आणि ज्यांच्याकडे पाणी आहे अशा सगळ्या प्लॉटवाल्यांच्या दारी जायला सुरुवात केली. असे अकरा जण होते. त्या प्रत्येकाला विचारत: खर्च किती आला, वीज किती खातं, हिवाळ्यात फुटलं का, मासे जगले का. शेवटचा प्रश्न ऐकून मात्र लोक गडबडून जात. "दिवसातून किती मिनिटं तुम्ही याच्याकडे बघता?"

"बघतो म्हणजे? ते आहेच की इथं," यास्कुल्स्की म्हणाला. हा निवृत्त अग्निशामक. त्याच्याकडे दगडी दिसणारं पण सिमेंटचं कारंजं होतं, तीन वाट्या एकावर एक. तेराशे झ्लोटी मोजून आणलेलं.

"मग चालू का नाही ते?"

यास्कुल्स्कीने मागे वळून बायको ऐकत नाही ना ते पाहिलं. "खरं सांगू का बाई, त्याच्या आवाजानं मला सारखं उठावं लागतं. या वयात कशाला विषाची परीक्षा? पाहुणे आले की लावतो."

बाईंनी वहीत लिहिलं: कारंजं, तेराशे, बंद.

त्यांचा एवढ्याने विश्वास बसला नाही. लोक सांगतात एक आणि करतात दुसरं, हे त्यांना कोटांच्या खिडकीतून चांगलं कळलं होतं. मग त्या रविवारी माझ्या खोपट्याच्या ओट्यावर मनगटावरचं घड्याळ काढून बसल्या. तिथून चार प्लॉट दिसतात. दोन रविवार त्यांनी अशी नोंद केली. पॉलिश केलेल्या गोट्यांमधून पाणी खळखळवणाऱ्या यंत्राकडे मालकाने सहा मिनिटं पाहिलं, तीही ते साफ करताना. दुकानातून आणलेल्या काळ्या हौदातल्या लाल माशांकडे अकरा मिनिटं. पण एका म्हाताऱ्याने कोपऱ्यात एक ओबडधोबड डबकं केलं होतं. खड्ड्यात काळं कापड, कडेला दगड, शेवाळ, बेडूक. तो त्याच्याकडे पहिल्या रविवारी पन्नास मिनिटं आणि दुसऱ्या रविवारी सव्वा तास पाहत बसला होता.

"झोपला असेल," मी म्हणालो.

"मलाही तेच वाटलं. जाऊन बघितलं. म्हणाला, बेडूक आत्ता उडी मारेल म्हणून थांबलोय."

अशा रीतीने निर्णय झाला. कारंजं नाही, पंप नाही, तयार हौद नाही. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद खड्डा. मधला भाग ऐंशी सेंटिमीटर खोल, म्हणजे हिवाळ्यात तळापर्यंत गोठणार नाही. त्यात तळ्यासाठी मिळतं ते जाड काळं कापड, साडेपाचशे. ते काट्याकुट्याने फाटू नये म्हणून त्याखाली घालायचा फेल्ट, एकशे ऐंशी. खाणीतून दगड, पोचवून देण्यासकट तीनशे. पाणवनस्पती दोनशे. बसायला बाक, जुना चालेल, दीडशे. उरलेल्या पैशांपुढे त्यांनी लिहिलं होतं: मूर्खपणासाठी राखीव.

"कुणाच्या मूर्खपणासाठी?" मी विचारलं.

"ते अजून ठरलेलं नाही," त्या म्हणाल्या.

खणायला आम्ही दोघांनी मेच्या सुरुवातीला घेतलं. दोघांचं मिळून वय एकशे चव्वेचाळीस, त्यामुळे दिवसाला दोन तास आणि मध्ये चहा. वरची माती काळी, भुसभुशीत. मग पिवळी वाळू. बाई प्रत्येक थराची मूठभर माती वेगळ्या वाटीत ठेवत आणि वाळल्यावर तिचा रंग कसा बदलतो ते बघत. नवव्या दिवशी फावडं राखाडी चिकणमातीत रुतलं आणि मी म्हणालो, बास, आता उद्या.

दुसऱ्या दिवशी खड्ड्याच्या तळाशी चार बोटं पाणी होतं.

पाऊस पडला नव्हता. आम्ही बादलीने पाणी उपसलं. संध्याकाळपर्यंत ते परत आलं. तिसऱ्या दिवशी मी बूट घालून उतरलो तर ते घोट्याच्या वर होतं, आणि आठवड्याच्या शेवटी गुडघ्यापर्यंत. स्वच्छ, गार, तळ दिसेल असं.

बातमी चौऱ्याऐंशी प्लॉटांवर पोचायला दुपार पुरली. बागसंघाचे अध्यक्ष वालेरियन दुदेक सायकलवरून आले. माणूस तसा वाईट नव्हता. पण सोळा वर्षं बिनविरोध निवडून आल्यामुळे त्याला वाटे की बागेत सफरचंदं पिकतात तीही कार्यकारिणीच्या ठरावाने.

"झरा," खड्ड्यात पाहत ते म्हणाले. "मला माहीतच होतं. या बागेचं नाव ओल्शिना उगाच पडलं नाही. ओल्शा हे झाड ओल असेल तिथंच वाढतं. खालून जुना ओढा जात असणार."

"असेल," बाई म्हणाल्या.

"असेल काय, आहेच. शहराखालून किती ओढे पाइपात कोंबलेत. एखादा निसटला असेल."

चार प्लॉट पलीकडच्या स्रोकाबाई कधी आपलं आवार सोडून येत नसत. गुडघ्यांमुळे त्यांना दहा पावलंही जड जात. पण त्या दिवशी त्या काठी टेकत आल्या, रुमाल त्या पाण्यात बुडवून गुडघ्याला लावून बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली घेऊन परत आल्या. "फरक आहे," त्यांनी जाहीर केलं. मग काय विचारता. आठवड्याभरात खड्ड्याच्या काठावर खुंटीला दोरीने बांधलेला मग आला. कुणीतरी सफरचंदाच्या झाडावर मारियामातेचं छोटं चित्र टांगलं. रविवारी चर्चमधून थेट इकडे येणारे दिसू लागले. यास्कुल्स्की म्हणाला की त्याने हे पाणी कॉफीला वापरलं आणि इतकी चांगली कॉफी त्याने फौजेत असल्यापासून प्यायली नव्हती.

मी बाईंना म्हणालो, "नशीब काढलंत. कापडाचे साडेपाचशे वाचले, फेल्टचे एकशे ऐंशी वाचले. आता बाक नवाच घ्या."

बाई खूश दिसत नव्हत्या. त्यांनी खड्ड्यात एक काठी रोवली होती आणि तिच्यावर सुरीने खुणा केल्या होत्या. त्या रोज सकाळी आणि संध्याकाळी येऊन पाणी कुठल्या खुणेला आहे ते वहीत मांडत.

"पाणी कुठून येतं ते कळल्याशिवाय मी त्याच्यावर हिशेब मांडणार नाही," त्या म्हणाल्या. "उद्या गेलं तर?"

"देवाने दिलेलं पाणी कशाला जाईल?"

"हे बघा." त्यांनी वही पुढे केली. "सकाळी जास्त असतं, संध्याकाळी कमी. उन्हानं आटतं म्हणावं तर ढगाळ दिवशीही तसंच. बरं, ते जाऊ दे. हा शनिवार, हा रविवार. सगळ्यात कमी. हा पुढचा शनिवार, रविवार. पुन्हा सगळ्यात कमी. सोमवारी चढलं. आता मला सांगा इग्नात्सी, झऱ्याला शनिवार-रविवार कळतो का?"

मी वहीकडे पाहत राहिलो. शनिवारी-रविवारी सगळी बाग भरते. सगळ्यांचे नळ चालू असतात, वाफे भिजतात, पोरांचे हौद भरतात. आमच्या बागेला शहराचं पाणी नाही. मधोमध आमची स्वतःची विहीर आहे, तिच्यातून पंप उंचावरच्या टाकीत पाणी चढवतो आणि तिथून पाइप चौऱ्याऐंशी ठिकाणी जातात. सगळे नळ सुटले की पाइपातला जोर कमी होतो. रात्री नळ बंद झाले की तो पुन्हा वाढतो. हे ट्रामवाल्यालाही कळण्यासारखं होतं.

"म्हणजे आपला पाइप गळतोय," मी म्हणालो.

"तसं दिसतंय. पण दिसतंय आणि आहे यात फरक असतो. रंगखात्यात यावरून लोकांच्या नोकऱ्या गेल्यात."

ही गोष्ट साधी नव्हती. तीन वर्षांपासून पंपाचं वीजबिल वाढत चाललं होतं आणि दर बैठकीत त्यावरून जुंपायची. कुणीतरी चोरून रात्री पाणी देतं, असा सगळ्यांचा सगळ्यांवर संशय होता. आणि तीन वर्षांपूर्वीच दुदेक यांनी मोठा गाजावाजा करून सगळे पाइप बदलून घेतले होते. पाइप गळतोय म्हणणं म्हणजे थेट दुदेक यांच्या मिशीला हात घालणं.

बाई सरळ त्यांच्याकडे गेल्या. मीही गेलो, कारण मला हे चुकवायचं नव्हतं.

"अध्यक्ष, टाकीत रंग टाकायची परवानगी हवी."

दुदेक यांनी चष्मा काढला. "कसला रंग?"

"ईस्टरच्या अंड्यांचा. निळा. सण झालाय, दुकानात निम्म्या किमतीत पडून आहे. खायचा रंग आहे, पोटात गेला तरी काही होत नाही. खड्डा उपसून कोरडा करते, टाकीत रंग घालते आणि वाट बघते. पाणी निळं आलं तर ते आपलं. नाही आलं तर ओढ्याचं."

"आणि मध्ये इतकी माती आहे ती? माती रंग धरून ठेवेल की."

हा प्रश्न दुदेक यांनी हरवायला विचारला होता, पण बाईंचा चेहरा एकदम उजळला. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना त्यांच्या कामाचा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

"छान विचारलंत. काही रंग असे असतात की चिकणमाती त्यांना घट्ट धरते, ते बाहेर यायचेच नाहीत. पण अंड्याचा रंग लोकर रंगवायच्या रंगांच्या जातीचा. लोकरीला धरतो, अंड्याला धरतो, मातीला त्याची ओढ नसते. तो मातीतून परक्यासारखा निघून येतो."

दुदेक यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "आणि निळं नाही आलं तर?"

"तर सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन, आणि स्रोकाबाईंना चांगला काचेचा मग घेऊन देईन."

मंगळवार ठरला, कारण मंगळवारी बाग रिकामी असते. सकाळी आठपासून नळ उघडू नयेत, अशी सूचना दुदेक यांनी सहीशिक्क्यासकट फलकावर लावली. बाईंनी चाळीस पुड्या आणल्या, अठ्ठेचाळीस झ्लोटींच्या. त्यांनी वहीत त्या राखीव रकमेतून वजा केल्या, मूर्खपणाखाली. मी शिडीवर चढून टाकीत पुड्या रिकाम्या केल्या आणि वल्ह्याने ढवळलं. मग माझा नळ, जो पाइपाच्या अगदी टोकाला आहे, तो निळं पाणी यायला लागेपर्यंत सोडून ठेवला आणि बंद केला. खड्डा आम्ही भल्या सकाळीच उपसला होता. जिथून पाणी पाझरत होतं त्या कडेखाली बाईंनी एक पांढरं एनॅमलचं पातेलं चिखलात दाबून बसवलं.

मग वाट बघणं. दहा वाजले, अकरा वाजले. पातेल्यात पाणी साचे, बाई ते कपात घेऊन उजेडाकडे धरत, ओतून टाकत. दुदेक घरची खुर्ची घेऊन आले होते. स्रोकाबाई काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून माझ्या ओट्यावर बसल्या होत्या.

साडेबाराला कुंपणापलीकडून यास्कुल्स्की हातात भांडं घेऊन आला. फलक तो कधी वाचत नाही. भांड्यात नवे बटाटे होते, शेपू घातलेले, आणि त्यांना निळसर झाक होती, थंडीत बोटांना येते तशी.

"मला फक्त एवढंच सांगा," तो शांतपणे म्हणाला, "मी मरणार आहे का?"

"केव्हातरी," होनोराताबाई म्हणाल्या. "पण याने नाही. मीठ पुरेसं घातलंय ना?"

त्यांनी एक बटाटा उचलून खाल्ला. मग दुदेक यांनी घेतला, मग मी. दुपारचं जेवण तेच झालं.

दोनच्या सुमारास बाईंनी पुन्हा कप भरला. उजेडाकडे धरला. मग पिशवीतून पांढरा कागद काढला, कप त्यावर ठेवला आणि वरून पाहिलं. किती तरी वेळ.

"आलंय," त्या म्हणाल्या.

दुदेक यांनी कप घेतला. मी घेतला. मला तर ते पाण्यासारखं पाणी दिसत होतं.

"मला काही दिसत नाही," दुदेक म्हणाले. "बाई, तुम्हाला हवं ते दिसतंय."

"मला हवं असतं तर झरा हवा असता. सातशे तीस झ्लोटी वाचले असते." त्यांनी कप ओतून टाकला. "तासभर बसा. मग तुम्हालाही दिसेल."

सव्वातीनला मला दिसलं. चारला दुदेक यांना दिसलं, किंवा त्यांनी कबूल केलं. पाच वाजता पातेल्याकडे कुणीही पाहिलं असतं तर सांगितलं असतं. ऑगस्टमधल्या सकाळच्या आभाळाचा जो रंग असतो, तो पातेल्याच्या तळाशी साचला होता. दुदेक खुर्ची घडी करून उभे राहिले. मला वाटलं, आता भडकतील. पण ते म्हणाले, "तीन वर्षं मी लोकांना चोर म्हणत होतो," आणि सायकल हातात धरून चालत गेले.

राग आला तो स्रोकाबाईंना.

"माझे गुडघे दोन आठवडे बरे होते, होनोराता. दोन आठवडे. तुला काय मिळालं यातून?"

होनोराताबाई त्यांच्या शेजारी बसल्या. "आणि आज कसे आहेत?"

"आज... आज ठीक आहेत."

"तुम्ही रोज दोनदा चार प्लॉट चालून येत होता. त्याआधी किती वर्षं चालला नव्हता?"

स्रोकाबाई उठल्या. काठी उचलून निघून गेल्या. त्यांनी झाडावरचं चित्रही काढून नेलं. ते त्यांनीच लावलं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

गळती दुसऱ्या दिवशी सापडली. पाइपाचा सांधा फुटला होता तो बाईंच्या फाटकाजवळ, बरोबर सूचनाफलकाच्या खांबाखाली. तीन वर्षांपूर्वी पाइप बदलल्यावर, त्याची माहिती देणारा नवा फलक रोवताना, तो खांब थेट सांध्यावर ठोकला गेला होता. ठोकणारे होते स्वतः दुदेक. त्यांनी तेही बैठकीत सांगितलं, कुणी न विचारता. मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

पाइप दुरुस्त झाला आणि चार दिवसांत खड्डा कोरडा पडला. राखाडी माती सुकून तिला भेगा पडल्या. काठावरचा मग अजून तिथेच लोंबत होता. संध्याकाळी बाई तिथे उपड्या बादलीवर बसलेल्या दिसल्या.

"वाईट वाटतंय?" मी विचारलं.

"वाटतंय की. सुंदर पाणी होतं. सकाळी तर तळाचे खडे मोजता यायचे." त्यांनी काठावरची दोरी सोडून मग हातात घेतला. "पण ते चौऱ्याऐंशी जणांचं होतं. मला खोटं तळं नको होतं."

जूनमध्ये आम्ही कापड आणायला गेलो तर ऐन हंगामामुळे त्याची किंमत साडेपाचशेवरून थेट अकराशे चाळीस झाली होती. फेल्टही महागला होता. दुकानदार गोड बोलणारा होता. त्याने कारंज्याचा पंप फुकटात जमेल, रंगीत दिवे निम्म्यात जमतील असं बरंच काही ऐकवलं. बाई सगळं ऐकून घेत होत्या आणि प्रत्येक वस्तू उलटी करून ती कुठे बनली आहे ते वाचत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या घरी आहे का हो यातलं काही?" तो हसला आणि म्हणाला की तो आठव्या मजल्यावर राहतो. त्याने कापडाच्या किमतीत तीस झ्लोटी कमी केले.

बाक रद्द झाला. दगड निम्मे आणले. त्याऐवजी खणताना निघालेले आमच्याच जमिनीतले दगड धुऊन वापरले. पाणवनस्पतींसाठी बाई त्या बेडूकवाल्या म्हाताऱ्याकडे गेल्या आणि त्याने बादलीभर दिल्या, बदल्यात चिकणमाती मागितली. तळं भरायला चार दिवस लागले, कारण दुदेक यांनी सांगितलं होतं की रोज ठरलेल्या वेळेत थोडं थोडंच घ्या, आणि बाईंनी ते तंतोतंत पाळलं. सगळं मिळून सोळाशे बारा झ्लोटी लागले. तेराव्या पेन्शनमधून शंभराच्या आतबाहेर उरले. त्यांनी त्यातून केक आणि कॉफी आणली आणि तळ्याशी संबंध असलेल्या, नसलेल्या सगळ्यांना बोलावलं. स्रोकाबाई आल्या नाहीत.

त्या आल्या सप्टेंबरात. फाटकाशी उभं राहून म्हणाल्या, "मी फिरायला निघाले होते. म्हटलं, बघावं." होनोराताबाईंनी खोपट्यातून खुर्ची आणून दिली. त्यानंतर त्या रोज दुपारी फिरायला निघू लागल्या आणि रोज म्हणू लागल्या, म्हटलं बघावं.

पंपाचं बिल वर्षअखेरीस जवळजवळ निम्म्यावर आलं. बागेतले दोन शेजारी, जे पाण्याच्या चोरीवरून तीन वर्षं बोलत नव्हते, ते अजूनही बोलत नाहीत. आता कारण वेगळं आहे.

पहिला हिवाळा कडक गेला. तळ्यावर वीतभर बर्फ साठला. बाई त्यावर गरम पाण्याचं भांडं ठेवून एक भोक मोकळं राखत, आणि त्यातून आत काय चाललंय ते टॉर्चने बघायचा प्रयत्न करत. मासे घातले नव्हते. "आधी कोण आपणहून येतं ते बघू," असं त्यांचं म्हणणं होतं. वसंतात एक बेडकी आली, मग पाण्यावर चालणारे लांब पायांचे किडे, मग काही तरी काळं, ज्याचं नाव आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

आणि यंदा जूनमध्ये एका सकाळी सातला माझा फोन वाजला. "इग्नात्सी, आत्ता या. चप्पल घाला न घाला, पण आत्ता या."

मी तसाच कुंपणातून गेलो. पाण्यातून वर आलेल्या एका काडीवर बोटाएवढा, मातकट, सहा पायांचा कुरूप किडा चिकटून बसला होता. त्याची पाठ फाटली होती. फटीतून दुसरंच काही तरी बाहेर येत होतं, फिकट हिरवं, ओलं, चुरगळलेलं. स्रोकाबाई आधीच खुर्चीत होत्या. दुदेक सायकलवरून चालले होते, त्यांनाही बाईंनी हात करून थांबवलं.

"चतुर आहे," होनोराताबाई हळूच म्हणाल्या. "आजवरचं सारं आयुष्य पाण्यात काढलं त्याने. बघा, पंख अजून घडी घातलेले आहेत."

पंख उलगडायला तासाच्या वर गेला. आधी दुधी, मग काचेसारखे. मध्ये दुदेक यांचा फोन वाजला, तो त्यांनी न बघताच बंद केला. ऊन झाडावरून खाली उतरलं तसा त्या फिकट अंगावर एकेक रंग चढू लागला आणि बाई प्रत्येकाचं नाव ओठांतल्या ओठांत घेत होत्या, मोहरीचा पिवळा, शेवाळी, मग शेपटीकडे एक निळा, त्याला त्या जरा अडखळल्या. मग तो उडाला, यास्कुल्स्कीच्या छपरावरून शेताकडे.

"याला काय म्हणायचं, त्या निळ्याला?" मी विचारलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या, आणि रिकाम्या काडीला चिकटून राहिलेलं ते मातकट कवच वाकून, अगदी जवळून बघायला लागल्या.